हजेरीपटावरचे फुटबॉलपटू : महिंद्रा युनायटेडच्या इतिहासाची प्रस्तावना

महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा फुटबॉल संघ 1962 साली महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीच्या नावाने उभा राहिला आणि 2010 साली कंपनीनेच तो बंद केला. अठ्ठेचाळीस वर्षांत त्याने राष्ट्रीय फुटबॉल लीग एकदा, फेडरेशन कप दोनदा, ड्युरँड चषक तीनदा आणि आयएफए शील्ड दोनदा जिंकली. इतके करून संघ मोडायची वेळ आली तेव्हा सभासदांची सभा बोलवावी लागली नाही, कारण सभासद नव्हतेच. कंपनीतले एखादे खाते बंद व्हावे तसा तो बंद झाला. मुंबईतल्या गेल्या शतकातल्या फुटबॉलची घडण कशी होती, हे या एका शेवटावरून बरेचसे कळते.

मुंबईत अशा संघाला सहसा कोणी क्लब म्हणत नसे. ‘कंपनीची टीम’ हाच चालू शब्द होता. खेळाडूबद्दल बोलताना ‘तो टाटात आहे’, ‘तो मफतलालला लागला’, ‘त्याला महिंद्राने घेतले’ अशी भाषा असे. यातला ‘लागला’ हा शब्द नोकरीचा आहे. माणूस खेळतो कुठे आणि पगार घेतो कुठे, हे मुंबईकर एकाच क्रियापदात सांगत असे आणि ऐकणाऱ्याला त्यात काही उणे वाटत नसे. फॉरवर्ड म्हणून निवड झालेला मुलगा घरी येऊन आधी सांगायचा तो पगाराचा आकडा, आणि आईचा पहिला प्रश्न असायचा, ‘पर्मनंट करणार ना?’

कारखान्याने संघ पाळण्याची रीत मुंबईने शोधलेली नाही. लंडनचा आर्सेनल 1886 साली वुलविचच्या तोफखान्यातल्या कामगारांनी काढला. त्याचे नावच शस्त्रागाराचे आहे. हॉलंडमधल्या आइंडहोव्हनचा पीएसव्ही हा 1913 सालचा फिलिप्स कंपनीचा क्रीडासंघ, तर जर्मनीतला बायर लेव्हरकुसेन औषधाच्या कारखान्यातल्या नोकरांचा. गिरणगावच्या माणसाला सगळ्यात जवळचे वाटेल ते उदाहरण मात्र रुमानियातले आहे. अराद नावाच्या गावी कापडगिरणीचे मालक बॅरन नॉयमन यांनी 1945 साली संघ काढला. गिरणी राष्ट्रीयीकृत झाली, मालक गेला, संघ राहिला. यूटीए अराद या नावाने त्याने देशाचे विजेतेपद सहा वेळा मिळवले आणि 1970 साली युरोपचा विजेता असलेल्या फाइनूर्डला पहिल्याच फेरीत घरी पाठवले. पुढे साम्यवादी राजवट कोसळली, कारखान्यांचे आधार सुटले आणि रुमानियात असे कितीतरी संघ एकतर बुडाले, नाहीतर नाव बदलत तग धरून राहिले. पीएसव्ही आणि आर्सेनल का तरले आणि बाकीचे का बुडाले, याचे उत्तर त्यांच्या खेळात फारसे सापडत नाही. कारखान्याखेरीज संघाला आणखी कोणी आपला म्हणणारे होते की नाही, तिथे ते शोधावे लागते.

मुंबईतल्या कंपनी-फुटबॉलचा नकाशा लहानसा आहे. गिरगावातल्या फणसवाडीतून निघून ठाकूरद्वार ओलांडले, चिराबाजारातून कावेलच्या गल्ल्या मागे टाकल्या की धोबीतलाव येतो. तिथून क्रॉस मैदान आणि ओव्हल यांच्या कडेकडेने चालत गेले की कूपरेजचे फुटबॉल मैदान. सारी वाट तीन-चार किलोमीटरची. फणसवाडीत व्यंकटेशाचे मंदिर आणि मराठी चाळी. हाकेच्या अंतरावर कावेलची जुनी ख्रिस्ती वस्ती. आणि धोबीतलावाला गोवेकरांच्या कुडी. फणसवाडीच्या चाळीच्या चौकात रबरी चेंडूचे क्रिकेट चाले, कावेलमधल्या मुलाच्या पायात फुटबॉल असे. दोघांच्या घरांमध्ये दोन रस्त्यांचे अंतर, पण त्यांच्या खेळांच्या वाटा बहुधा मैदानावरच भेटत.

कूड म्हणजे गोव्याच्या एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी ठेवलेली राहण्याची जागा. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत अशा अनेक गावांच्या कुडी आहेत. आत एक लांब खोली, भिंतीला वेदी, संध्याकाळी रोझरीची प्रार्थना आणि भिंतीकडेने ओळीने लावलेल्या पत्र्याच्या पेट्या. माणसाला जागा मिळे ती जवळजवळ त्या पेटीपुरतीच. झोपायला तिच्यासमोरची फरशी. बोटीवर जाणारा खलाशी, हॉटेलातला कुक, बँडमधला वाजंत्री, सगळे इथेच उतरत. फुटबॉल खेळणारा गोव्याचा पोरही इथेच पेटी ठेवून कंपन्यांच्या दारात उभा राही. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात फुटबॉल गावोगाव होता, नोकऱ्या नव्हत्या. मुंबईत नोकऱ्या होत्या आणि कंपन्यांना खेळाडू हवे होते. मुंबईच्या कंपनी-संघांच्या याद्यांत डिसोझा, फर्नांडिस, परेरा ही आडनावे इतकी का दिसतात, त्याचा उलगडा या पेट्यांपाशी होतो.

कूपरेजचे नाव पिंपे बांधणाऱ्या कारागिरांवरून पडले. कंपनी सरकारच्या काळात त्यांची कामाची जागा इकडे होती. फुटबॉल आणला गोऱ्या फौजेने. रोव्हर्स कप 1891 साली सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी वूस्टरशायर रेजिमेंटने तो नेला. नंतरची चार-साडेचार दशके हा चषक पलटणींमध्येच फिरत राहिला. मोहन बागान 1923 साली अंतिम सामन्यापर्यंत आला, पण चषक हिंदी संघाच्या हाती लागला तो 1937 साली, बंगळूर मुस्लिम्सच्या. मुंबईची स्वतःची हारवुड लीग 1902 पासूनची. ती पावसाळ्यात चाले. क्रिकेटची मैदाने तेव्हा मोकळी असत, आणि चिखल, साठलेले पाणी, भिजून विटेइतका जड झालेला चामड्याचा चेंडू हे मुंबईच्या फुटबॉलचे रोजचे सामान होते. कलकत्त्याचे आणि हैदराबादचे खेळाडू जमिनीलगत नाजूक पासिंग करत, मुंबईकर चेंडू उंच उडवून अंगाने भिडत, असे जुने जाणकार म्हणत. त्यातला निम्मा दोष तरी जून-जुलैच्या आभाळाला द्यायला हवा.

फौजा गेल्या आणि त्यांची जागा कंपन्यांनी घेतली. टाटा स्पोर्ट्स क्लब, कॅल्टेक्स आणि बर्मा शेल या तेलकंपन्या, रेल्वेचे दोन्ही संघ, पुढे मफतलाल, ऑर्के मिल्स, चेंबूरची आरसीएफ, एअर इंडिया, राष्ट्रीयीकृत बँका. कॅल्टेक्सने 1958 साली रोव्हर्स कप मुंबईत ठेवला. या संघांतून देशाला मिळालेल्या खेळाडूंत नेव्हिल डिसोझा हे नाव सर्वांत वर. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये 1 डिसेंबर 1956 रोजी त्यांनी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, भारत 4–2 ने जिंकला आणि शेवटी स्पर्धेत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू हा मुंबईच्या कंपनी-फुटबॉलमधला माणूस होता. 1962 साली जाकार्ताच्या एशियाडमध्ये सुवर्ण मिळवणाऱ्या संघातला फॉर्च्युनाटो फ्रँको हा टाटाचा. त्या काळात संतोष ट्रॉफीही दोनदा इकडे आली, 1954–55 च्या मोसमात मुंबईच्या नावाने आणि 1963–64 मध्ये महाराष्ट्राच्या. ही सारी कमाई हजेरीपटावर सही करणाऱ्या माणसांची होती.

त्या हजेरीपटाचे गणित असे. खेळाडूला कंपनी कारकून, स्टोअरकीपर, सुपरवायझर किंवा शॉपफ्लोअरवरचा कामगार म्हणून घेई. पगार त्या हुद्द्याचा; खेळण्याचे वेगळे पैसे नाहीत, किंवा असलेच तर भत्त्याच्या रूपाने. सकाळी सराव, मग कामावर हजेरी; सामन्याच्या दिवशी दुपारी सुट्टी. कूपरेजवर प्रकाशझोत नव्हते, म्हणून सामने दुपारी उन्हे कलताना सुरू होत. बघायला येणारा नोकरदारही अर्धा दिवस टाकूनच यायचा. मोठ्या स्पर्धेच्या दिवसांत खेळाडूची टेबलावरची फाइल शेजारचा हातावेगळी करी. त्यावरून कधी धुसफूस होई. पण साहेब स्वतः सामन्याला आलेला असला की ती तोंडावर येत नसे. गुडघा गेला, वय झाले, तरी नोकरी राहायची. तिशीत खेळ सुटलेला माणूस अठ्ठावन्नपर्यंत त्याच कंपनीत काम करून प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी घेऊन घरी जाई. आज करारावर लाखोंनी घेणाऱ्या खेळाडूला ही रक्कम हास्यास्पद वाटेल. पण चाळीतल्या दोन खोल्यांत सहा माणसांचे घर चालवणाऱ्या बापाला मुलाने चेंडूमागे धावण्यात आयुष्य घालवणे पटवून द्यायचे, तर यापेक्षा चांगला युक्तिवाद दुसरा नव्हता.

कंपनीला यातून काय मिळे? वर्तमानपत्रात नाव, कामगारांमध्ये थोडी आपुलकी, व्यवस्थापनातल्या एखाद्या शौकिनाची हौस. संघाचा खर्च कल्याणनिधीत किंवा जाहिरातीच्या खात्यात बसून जाई. ही हौस फार महत्त्वाची आहे. बहुतेक कंपनी-संघांच्या मागे वरच्या खुर्चीतला एखादा फुटबॉलवेडा माणूस असायचा. तो निवृत्त झाला की पुढच्या अंदाजपत्रकात संघाचा आकडा कापला जायचा. कॅल्टेक्स आणि बर्मा शेल तर सत्तरच्या दशकातल्या राष्ट्रीयीकरणात नावानिशी गेल्या. त्यांचे जोम ओसरलेले संघ कोणी वेगळे बंद केले नाहीत, पाटीच बदलली.

गिरणगावाचा स्वतंत्र विचार करायला हवा, कारण कापडगिरण्यांचे कामगार लाखोंनी होते आणि तरीही त्यांच्या वस्तीत फुटबॉल मुळे धरू शकला नाही. लालबाग-परळच्या माणसाचा खेळ कबड्डी. त्याला लागते ती चाळीमागची हातभर मोकळी माती आणि सात पोरे. व्यायामशाळा आणि क्रीडामंडळे गल्लोगल्ली होती, त्यांतले चांगले कबड्डीपटू गिरण्या आपल्याकडे ओढून घेत. फुटबॉलला मैदान लागते, बूट लागतात. मफतलालच्या फुटबॉल संघाचे नाव देशभर झाले खरे, पण त्यातले अकरा जण बहुतेक कुडीतून, वांद्र्याहून, नागपाड्याहून किंवा परप्रांतातून आलेले. त्याच गिरणीच्या खात्यात तीन पाळ्यांत उभा राहणारा रत्नागिरी-साताऱ्याचा माणूस त्या संघाला ‘आपली टीम’ म्हणे तो पगाराच्या चिठ्ठीवरचे नाव एक म्हणून. मग 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, बहुतेकांना परत आत जायला मिळालेच नाही. ज्या गिरण्यांनी कामगाराला परत घेतले नाही, त्यांच्याकडून सेंटर-हाफला परत घेण्याची अपेक्षा कोणी करणार नव्हते. यंत्रे थांबल्यावर काही वर्षांतच गिरण्यांचे क्रीडासंघ एकामागून एक दिसेनासे झाले.

अशा शहरात महिंद्राचा संघ टिकला, याचे एक कारण कंपनीच्या धंद्यात आहे. लुधियानात 1945 साली महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी महिंद्रा अँड मोहम्मद ही पोलादाचा व्यापार करणारी पेढी काढली. फाळणीनंतर मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 साली पेढीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. माझगावात विलीज जीप जोडायला सुरुवात झाली. नंतर कांदिवलीचा कारखाना. कापडाचा धंदा मोडला तेव्हा जीप आणि ट्रॅक्टरचा चढत होता. कंपनीची कचेरी अपोलो बंदरावरच्या गेटवे बिल्डिंगमध्ये. तिथून कूपरेज चालत दहा-पंधरा मिनिटांवर. साहेबांनी काम आटोपून मध्यंतरापर्यंत मैदानावर पोचावे इतके सोयीचे अंतर कुठल्याही गिरणीमालकाला नव्हते.

1962 पासूनची पहिली तीन दशके संघ मुंबईच्या वरच्या फळीत असला तरी देशात त्याची गणना दुसऱ्या रांगेत होत होती. लाल जर्सी, लोकांनी दिलेले ‘जीपमेन’ हे नाव, हारवुड लीग, नाडकर्णी कप, रोव्हर्समध्ये कलकत्त्याच्या आणि गोव्याच्या संघांशी टक्कर. यात सांगण्यासारखे फार नाही. असे पाच-सहा संघ तेव्हा मुंबईत होते. वेगळेपण नव्वदच्या दशकात आले. बाकीच्या कंपन्या स्वेच्छानिवृत्तीच्या योजना काढून माणसे कमी करत होत्या, नवीन भरती बंद होती, ‘स्पोर्ट्स कोटा’ हा शब्द सरकारी कचेऱ्या, रेल्वे आणि बँका यांच्यापुरता उरला होता. महिंद्राने उलटी दिशा धरली आणि संघासाठी वेगळी तरतूद करून करारावर खेळाडू घ्यायला सुरुवात केली.

डिसेंबर 1996 मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. पहिले विजेतेपद पंजाबातल्या फगवाड्याच्या जेसीटीने नेले. तोही कापडगिरणीचाच संघ, आणि बायचुंग भुतिया त्या वर्षी त्यांच्याकडे होता. त्याआधी 1977 साली पहिला फेडरेशन कपही बंगळूरच्या आयटीआयने, म्हणजे टेलिफोनच्या कारखान्याने, जिंकला होता. कारखान्यांनी भारतीय क्लब-फुटबॉलच्या दोन्ही राष्ट्रीय स्पर्धांचा नारळ फोडला, असे म्हणता येईल. लीगमुळे खेळाचा हिशेब मात्र पार बदलला. वर्षभर देशभर प्रवास, हॉटेले, परदेशी खेळाडू, पूर्णवेळ प्रशिक्षक. सकाळी सराव करून दहाला टेबलावर बसणारा कारकून या वेळापत्रकात बसत नव्हता. महिंद्राच्या संघात त्या काळी दोन प्रकारची माणसे एका बसमध्ये बसत: कंपनीच्या पगारपत्रकावरची जुनी मंडळी आणि मोसमापुरता करार केलेली नवी. दुसऱ्यांचे पैसे जास्त, पहिल्यांची झोप शांत.

या बदलावर शिक्का म्हणून संघाचे नावही बदलले. महिंद्रा अँड महिंद्राचा महिंद्रा युनायटेड झाला. नाव बदलायच्या आधीच, 1998 साली, त्याने ड्युरँड चषक मिळवला होता. 2001 साली पुन्हा मिळवला. 2003 साली फेडरेशन कप आला. आणि मग 2005–06 चा मोसम, ज्यासाठी या संघाचे नाव राहील. गोव्याचे डेरिक परेरा प्रशिक्षक होते. त्या आणि आसपासच्या वर्षांत संघात ब्राझीलचा जोसे बारेटो, घानाचा युसिफ याकुबू, बचावात महेश गवळी, मध्यरक्षणात खालिद जमील आणि उजव्या बगलेवर मुंबईचा स्टीव्हन डायस असे खेळाडू होते. फेडरेशन कप आणि राष्ट्रीय लीग अशी दोन्ही विजेतेपदे एकाच मोसमात मुंबईत आली. लीगचे ते दहावे वर्ष. तोवर मुंबईच्या कुठल्याच संघाला ती जिंकता आली नव्हती. 2006 साली आयएफए शील्ड कलकत्त्यात जाऊन जिंकली. ती जिंकणे म्हणजे दुसऱ्याच्या गणपतीची आरती आपल्या आवाजात म्हणून येण्यासारखे. 2007 साली एएफसी कपमध्ये संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला आणि लेबनॉनच्या अल-नेजमेहकडून हरला. 2008 साली ड्युरँड आणि शील्ड ही दोन्ही पुन्हा महिंद्राची झाली.

या यशाच्या वर्षांतही कूपरेजचे लाकडी बाक भरत नसत. मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल मुंबईत आले की गर्दी होई, पण ती शहरातल्या बंगाल्यांची. घोषणा पाहुण्यांच्या नावाच्या. घरचा संघ आपल्याच मैदानावर परका वाटे. शेंगदाण्याची पुडी घेऊन दर सामन्याला येणारे काही नेमाचे शौकीन होते: निवृत्त खेळाडू, कुडीतली म्हातारी मंडळी, रेफ्री, कुलाब्याची आणि नागपाड्याची पोरे. ते खेळ बघायला येत. महिंद्रा जिंकावा म्हणून जीव टाकणारा माणूस त्यांत मोजकाच. एका वाहनकंपनीच्या नावाने घसा फोडून ओरडावे असे, त्या कंपनीत नोकरी नसलेल्या माणसाला वाटण्याचे कारणही काय? शिवाय तो कारखाना कांदिवलीला, मैदान शहराच्या दक्षिण टोकाला. कामगाराला सामना बघायचा तर लोकलचा सव्वा तास.

महाराष्ट्रात दुसऱ्या तऱ्हेचा फुटबॉल आहे, आणि तो कोल्हापुरात आहे. तिथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ हे संघ पेठांचे. कुस्तीच्या तालमीतूनच फुटबॉलचा संघ निघाला आणि पेठेतल्या घराघराने वर्गणी देऊन तो वाढवला. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की माणसे हजारोंनी जमतात. हार पचत नाही म्हणून भांडणेही होतात. या संघांनी राष्ट्रीय लीग कधी जिंकली नाही, जिंकण्याइतके पैसेही त्यांच्यापाशी नव्हते. पण पाटाकडील तालीम बंद करायची असे कोणी ठरवले, तर ते कोणी ठरवायचे, हाच प्रश्न आहे. मुंबईच्या कंपनी-संघांपाशी नोकरी होती, शिस्त होती, चषक होते, पेठ नव्हती. गिरगाव किंवा परळ यांच्यापैकी कोणाच्याही नावाचा मोठा फुटबॉल संघ उभा राहिला नाही, याची खंत मुंबईच्या क्रीडा-इतिहासाने क्वचितच केली आहे. क्रिकेटने ती भासू दिली नाही.

2007 साली राष्ट्रीय लीगची जागा आय-लीगने घेतली आणि आशियाई महासंघाचे परवान्याचे नियम हळूहळू लागू होऊ लागले. क्लब ही स्वतंत्र कायदेशीर संस्था हवी, वयोगटांचे संघ हवेत, मैदान आणि हिशेब नीट हवेत, असा त्यांचा रोख. हे नियम युरोप-जपानच्या क्लबांकडे बघून केलेले. कंपनीच्या एका खात्याला स्वतंत्र संस्था करायचे म्हणजे त्याला स्वतःचे उत्पन्न दाखवावे लागते. तिकीटविक्री नगण्य, दूरचित्रवाणीचे पैसे नाहीत, प्रायोजक म्हणजे स्वतःच. महिंद्रासारख्या कंपनीला हा खर्च परवडत नव्हता असे नाही. ट्रॅक्टरच्या एका लहानशा तेजीत तो भरून निघाला असता. प्रश्न खर्चाच्या कारणाचा होता. पूर्वी ते कामगारकल्याण होते. संघात कामगार उरले नाहीत तेव्हा ते जाहिरात झाले. आणि जाहिरात म्हणून पाहिले, तर रिकाम्या बाकांसमोर खेळणारा देशातला सर्वोत्तम संघ हा वाईट सौदा ठरतो.

2010 साली, मोसम चालू असतानाच, कंपनीने संघ मोडण्याचा निर्णय जाहीर केला. पैसा आणि लक्ष शालेय फुटबॉलकडे वळवायचे, असे कारण दिले गेले. स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबच्या साहाय्याने शाळांची महिंद्रा युथ फुटबॉल चॅलेंज ही स्पर्धा पुढे आली. हे कारण खोटे मानण्याची गरज नाही. एका संघातल्या पंचवीस व्यावसायिकांवर घालायचे पैसे शेकडो शाळकरी मुलांवर घालणे हे कुठल्याही संचालक मंडळाला समजावून सांगता येते. समजावून सांगायला अवघड होते ते मोहम्मद रफीसारख्या खेळाडूला, ज्याने त्याच मोसमात महिंद्राकडून खेळून लीगमध्ये भारतीयांत सर्वाधिक गोल केले होते. करारावरचे खेळाडू इतर क्लबांकडे गेले. पगारपत्रकावरची जुनी माणसे कंपनीतच राहिली. हजेरीपटाने शेवटपर्यंत आपला शब्द पाळला.

महिंद्रामागोमाग बाकीचेही गेले. जेसीटी 2011 साली. 2013 साली एअर इंडियाला आय-लीगमधून वगळण्यात आले. 2007 साली निघालेला मुंबई एफसी 2017 साली मिटला. गोव्यातल्या खाणमालकांनी आणि उद्योगपतींनी पोसलेल्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या क्लबांनी 2016 साली राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले. रोव्हर्स कप तर त्याआधीच, नव्या शतकाच्या तोंडाशी, थांबला होता. कूपरेजवर कृत्रिम हिरवळ आली. बँका, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांचे संघ स्थानिक लीगमध्ये अजून उतरतात, पण कुडीत पेटी ठेवून नोकरीच्या आशेने येणारा गोव्याचा पोर आता दिसत नाही. चांगला खेळाडू गोव्यातच राहतो किंवा करार घेऊन विमानाने येतो. महिंद्राच्या लाल जर्सीत खेळलेल्यांपैकी खालिद जमीलने 2017 साली ऐजॉल एफसीला प्रशिक्षक म्हणून आय-लीग जिंकून दिली आणि 2025 साली भारताच्या संघाची जबाबदारी घेतली. गोलरक्षक कल्याण चौबे 2022 साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष झाले. देशाच्या अव्वल लीगचे विजेतेपद त्यानंतर मुंबईत आले ते 2020–21 च्या मोसमात, मुंबई सिटी एफसीच्या नावावर. मधे पंधरा वर्षे गेली होती, आणि या नव्या संघाच्या खेळाडूंत कोणाचेही नाव कुठल्या कारखान्याच्या हजेरीपटावर नव्हते.